फिरते बिऱ्हाड

वागळे इस्टेटचे नाव काढले की कोणाच्या डोळ्यांपुढे सहल उभी राहत नाही. एम.आय.डी.सी. 1962 साली स्थापन झाली आणि ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. लेथ, पत्रे आणि ग्राइंडिंगची धूळ हेच इथले निसर्गसौंदर्य. आता पुष्कळ कारखान्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत. पण पत्र्याची कपाटे करणारा आमचा गाळा अजून खडखडतो आहे. त्याच गाळ्याच्या दारात गेल्या वर्षी आम्ही एक घर बांधले. चाके असलेले.

त्याचे असे झाले. आमची आई 77 वर्षांची. कुठेही जायचे म्हटले की, "मला काय बघायचंय आता? तुम्ही जाऊन या," हे तिचे ठरलेले उत्तर. आम्ही त्याला वैराग्य समजत आलो. खरे कारण एका रात्री आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले.

"अहो, प्रवास म्हटला की आई आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. तुम्ही पुरुष घाटात गाडी थांबवून झाडाआड जाता. आम्ही कुठं जायचं?"

त्या 'आम्ही'ने मी चपापलो. पंचवीस वर्षे मी हिला हौसेने दऱ्याखोरी दाखवीत होतो आणि ही शेजारी तहानलेली बसत होती!

मग एक जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेतली, आर.टी.ओ.ची मंजुरी काढली आणि कामाला लागलो. विलायतेत अशा घरगाड्या फार; आपल्या राज्य सरकारनेही 2021 साली कारवान पर्यटनाचे धोरण आणले. आमच्या गाडीत निजायला तीन फळ्या, एक शेगडी, छपराला पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात, आतून कडी लागणारा, छोटासा संडास. गाडी बघायला येणाऱ्यांना मी आधी तोच दाखवीत असे. सौभाग्यवतींना ते मुळीच आवडत नसे.

पहिली फेरी कुठे, हे आईनेच ठरवले. "नाणेघाट."

तिचे माहेर मुरबाड तालुक्यातले वैशाखरे, म्हणजे नाणेघाटाच्या अगदी पायथ्याचे गाव. नानाच्या अंगठ्याचा तो सुळका रोज अंगणातून दिसायचा. भाऊ वर जाऊन येत आणि दगडी रांजणाच्या गोष्टी सांगत. मुलींना कोणी वर पाठवीत नसे. पुढे लग्न होऊन ती ठाण्याला आली ती आलीच.

कार्तिकातल्या एका पहाटे आम्ही निघालो. कल्याण, मुरबाड, टोकावडे करीत वैशाखऱ्याला आलो, तेव्हा आईने गाडी थांबवायला लावली. माहेरी आता कोणी नाही. तिने खिडकीतून अंगठ्याकडे बोट केले आणि म्हणाली, "चालत तीन तास." आम्हांला मात्र माळशेज चढून, गणेशखिंडीतून जुन्नरला उतरून, शिवनेरीला वळसा घालून घाटघरच्या अंगाने जायचे होते.

माळशेजच्या वळणांवर माझ्या हातच्या कपाटाची खिट्टी निसटली आणि चिवड्याचा डबा गाडीभर झाला. पत्र्याच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला ही खिट्टी फार लागली. आई चिवड्यात बसून हसत होती. शिवनेरी मात्र तिने खालूनच पाहिला. 1630 साली शिवाजीमहाराज जिथे जन्मले त्या गडाला तिने खिडकीतून हात जोडले. गडाच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. "मी याच्यासाठी निघाले नाही," ती म्हणाली. महाराजांनी रागावू नये.

उन्हे कलताना नाणेघाटावर पोचलो. घाटमाथ्यापर्यंत मोटार जाते, हे या जागेचे मोठेच उपकार. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरातला माल बैलांच्या पाठीवर याच खिंडीतून जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. जकातीची नाणी टाकायचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण माथ्यावरच आहे. आई त्याच्यापाशी बराच वेळ उभी राहिली.

"दादा सांगायचा, केवढा मोठा आहे म्हणून. मी त्याला थापाड्या म्हणायची."

हा दादा जाऊन नऊ वर्षे झाली.

थोडे खाली सातवाहनांचे लेणे आहे. आईला उतरणे शक्य नव्हते. आम्ही दोघे जाऊन आलो, तर, "आत काय आहे ते सांग," म्हणाली. राजाराणीचे आणि राजपुत्रांचे पुतळे होते. आता वर कोरलेली नावे उरली आहेत आणि खाली पायांच्या खुणा. भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख. कोणते यज्ञ केले, किती गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापणे दान दिली, त्याचा आकड्यांनिशी हिशेब. आपल्या अंकांचे फार जुने पूर्वज त्या भिंतीवर आहेत. माझ्यासारख्या मापे लिहिणाऱ्याला त्यांचे अप्रूप वाटले. आईने निराळेच विचारले.

"तिचा पुतळा?"

"नाही उरला."

"नाव आहे ना?"

"आहे."

मग ती हिचा हात धरून कड्याच्या कठड्याकडे गेली. खाली सगळे कोकण पसरलेले, धुरकट. रस्त्याची दोरी, शेतांचे तुकडे, झाडांचे पुंजके. मला त्यात वैशाखरे ओळखता येईना. तिने एका पुंजक्यावर बोट ठेवले आणि मग ते जरासे डावीकडे नेले. "हे आमचं. इथून आमचं अंगण केवढंसं दिसतं! आणि दादा म्हणायचा, वरून तू मला दिसतेस."

काही वेळ कोणी बोलले नाही. वारा फार होता. हिने आईच्या कानावर पदर ओढून दिला.

गाडीशी परत आल्यावर आई पायरीवर बसली. सौभाग्यवतींनी सवयीने पाण्याचा पेला अर्धाच भरून पुढे केला. तो पिऊन आईने पेला तसाच पुढे धरला.

"अगं, पुरता भर की."