पळसाचा लाल

माघ सरत आला की येऊरच्या रानात पानांपेक्षा फुलंच डोळ्यांत भरायला लागतात. पळस, पांगारा, काटेसावर आणि उतारांवर धायटी. आपल्याकडचा वसंत झाडाझुडपांवर येतो. जमिनीवरची बहुतेक फुलं पावसाची वाट बघत असतात. त्यामुळे या दिवसांत रानफुलं टिपायला निघालेल्याची गाठ लाल-केशरी रंगाशीच पडते, आणि कॅमेऱ्याला सगळ्यात जड जाणारा रंगही हाच.

बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर 4 बिंदूंपैकी 2 हिरवा टिपतात, 1 निळा आणि 1 लाल. उन्हातल्या पळसाचा सगळा भार त्या एका लाल बिंदूवर पडतो. कॅमेरा मात्र उजेडाचा सरासरी हिशोब करतो. साधा हिस्टोग्राम ठाकठीक दिसतो आणि तोवर लाल ओसंडून गेलेला असतो. मग पाकळीच्या जागी उरतो सपाट केशरी डाग, ना शीर ना घडी. म्हणून या मोसमात मी तिन्ही रंगांचे वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम उघडा ठेवतो आणि एक्स्पोजर एखादा स्टॉप खाली घेतो. रॉ फाइलमध्ये अंधारलेला भाग नंतर उजळता येतो, पण उडून गेलेला लाल काही केल्या परत येत नाही.

एवढी काळजी कशासाठी, ते पळसाचं फूल जवळून पाहिल्यावर कळतं. देठाशी काळपट मखमली वाटी, तिच्यातून पोपटाच्या चोचीसारखी बाहेर आलेली बाकदार पाकळी आणि त्या पाकळीवर बाहेरून बारीक रुपेरी लव. भर दुपारच्या उन्हात ती लव दिसतच नाही. सकाळचं तिरकं ऊन बाजूने आलं की पाकळीच्या कडेला चंदेरी रेघ उमटते. फोटो साधला की नाही, हे मी त्या रेघेवरून ठरवतो. निळ्या आभाळासमोर पेटलेलं अख्खं झाड देखणं खरंच, पण त्यात पळस कळत नाही.

धायटीसाठी गुडघे टेकावे लागतात. तिथे लाल दिसते ती निदलाची नळी. खऱ्या पाकळ्या इवल्याशा, नळीच्या तोंडाशी. मागे वाळलेलं गवत धूसर झालं की हा लाल फार सुरेख उठतो. शिंजीर मधासाठी येतोच. त्याची वाट पाहावी, त्याच्या मागे धावू नये.

रस्त्याकडेचा गुलाबी गिरिपुष्पही याच सुमारास बहरतो. त्याचा फोटो जरूर काढावा, पण सह्याद्रीचं रानफूल म्हणून दाखवू नये. तो मध्य अमेरिकेतून आणलेला आहे. ओळख पक्की करायची तर एक देखणी फ्रेम पुरत नाही. पान, खोड, फुलाची मागची बाजू, सगळं टिपावं आणि श्रीकांत इंगळहळीकरांच्या 2001 सालच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’सारख्या पुस्तकाशी ताडून पाहावं. पळसाला पान नंतर फुटतं, तेव्हा त्याच झाडाकडे पुन्हा जावं लागतं.

मोबाइल असला तरी हरकत नाही. फुलावर बोट टेकवा, उजेड खाली ओढा, पाकळीवरची शीर दिसेपर्यंत. फांदी मात्र वाकवू नका आणि चांगला कोन मिळावा म्हणून फूल तोडू नका. त्यातला मध पाखरांचा आहे.