बोरीकाठचे गाव आणि श्यामचे गुरुजी

जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की धरणगाव मागे पडल्यावर थोड्याच वेळात अमळनेर येते. रुळांच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी, मधूनच ज्वारी-बाजरी. गावातून बोरी नदी जाते. उन्हाळ्यात तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची समाधी आहे आणि वैशाखात तिथे मोठी यात्रा भरते. बाजारात अहिराणी कानावर पडते, हॉटेलात शेवभाजी मिळते. खानदेशातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावासारखेच हे गाव.

आपल्या घरांमध्ये अमळनेरचे नाव निघते ते बहुतेक विप्रोमुळे. मुहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे त्याचे नाव, आणि त्याचेच पुढे विप्रो झाले. स्टेशनवरून आम्हाला नेणाऱ्या रिक्षावाल्या चाचांनी पहिली माहिती दिली ती हीच. ‘‘ताई, कारखाना बघणार का?’’ मी म्हटले, ‘‘नाही चाचा, आम्हाला साने गुरुजींची शाळा बघायची आहे.’’ त्यांनी मान हलवली आणि रिक्षा वळवली. ‘‘मास्तरीण दिसता,’’ एवढेच म्हणाले. अंदाज बरोबर होता. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते आणि बरोबर सातवीतली माझी धाकटी मुलगी होती.

‘श्यामची आई’ माहीत नाही असे मराठी घर विरळा. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, हेही अनेकांना ठाऊक असते. पण ज्या माणसाने हे पुस्तक लिहिले तो मुलांसाठी लिहू कसा लागला, याचा उलगडा पुस्तकापेक्षा या गावात जास्त होतो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगडला झाला. पालगड म्हणजे दापोली तालुका, आपल्या कोकणी बांधवांचा मुलूख. घरची स्थिती खालावत गेलेली. शिक्षण दापोली, औंध, पुणे असे जिथे सोय होईल तिथे. शिकत असतानाच १९१७ मध्ये आई गेली, आणि शेवटच्या वेळी मुलगा जवळ नव्हता. हे शल्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. तरीही त्या दुःखातून लगेच पुस्तक झाले नाही, ते व्हायला पंधरा-सोळा वर्षे लागली. त्या वर्षांतली मोलाची वर्षे अमळनेरची.

इथे ते आले लेखक व्हायला नव्हे, शिक्षक व्हायलाही नव्हे. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या उदार देणगीतून १९१६ मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. देशभरातले विद्यार्थी तिथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला येत. साने त्यांच्यातलेच एक. एम.ए.चा अभ्यास होता, ग्रंथालय होते, शांतता होती. पण त्यांचे मन तिथे रमले नाही. १९२४ मध्ये ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले.

मोठ्या विचारांच्या इमारतीतून उठून माणूस खेड्यातून आलेल्या मुलांच्या खोल्यांमध्ये गेला, इथेच लेखकाची वाट सुरू झाली असे मला वाटते. छात्रालयातली पुष्कळ मुले आसपासच्या गावांतली, घरी अहिराणी बोलणारी, पहिल्यांदाच आईपासून दूर राहिलेली. कोकणातून आलेला हा लाजाळू मास्तर त्यांची अंथरुणे आवरी, कपडे धुई, आजारी मुलाच्या उशाशी बसे. सांगून न ऐकणाऱ्या मुलाचे काम हा न सांगता स्वतःच करून टाकी. मुले शरमत, मग हळूहळू स्वतः करू लागत. आजच्या भाषेत याला शिस्तीची पद्धत म्हणतील. मला मात्र ती एका आईची रीत वाटते, आपल्या आईची आठवण काढत मुलाने उचललेली.

आणि मग तो माणूस लिहू लागला. छात्रालयात त्यांनी एक दैनिक सुरू केले, ‘छात्रालय दैनिक’. छापखाना नाही, वर्गणी नाही. सगळा मजकूर स्वतःच्या हाताने लिहायचा आणि मुलांनी तो वाचायचा. त्यात थोरांची चरित्रे असत, देशोदेशींच्या गोष्टी असत, छात्रालयात काय चालले आहे तेही असे. रोज लिहायचे, आणि वाचणारा समोर बसलेला. त्याला कंटाळा आला तर ते त्याच्या चेहऱ्यावर दिसणार. शब्द कळला नाही तर तो तिथेच विचारणार. लेखकाला यापेक्षा चांगली शाळा कुठली मिळणार? १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ नावाचे छापील मासिकही निघाले, पण मला मोल वाटते ते त्या हस्तलिखिताचे. साने गुरुजींची वाक्ये इतकी लहान, इतकी बोलती का आहेत, याचे उत्तर तिथे आहे. विद्वानांसाठी लिहिणाऱ्याला असे लिहिण्याची गरजच पडत नाही.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. त्यांनी शाळा सोडली आणि तुरुंगात गेले. आधी धुळे, मग दूर दक्षिणेत त्रिचनापल्ली. तिथे तमिळ भाषकांच्या सहवासात तमिळ शिकले, पुढे तिरुवळ्ळुवरांचे ‘कुरल’ मराठीत आणले. १९३२ मध्ये पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबा दर रविवारी कैद्यांना गीतेवर प्रवचन देत. ती अठरा प्रवचने बोलण्याच्या वेगाने उतरवून घेतली ती साने गुरुजींनी. (याच विनोबांनी पुढे अरबी शिकून ‘कुराण-सार’ सिद्ध केले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.) बोललेला शब्द जिवंतपणे कागदावर कसा ठेवायचा, याचा सराव त्या रविवारी झाला असणार.

मग नाशिकचा तुरुंग. फेब्रुवारी १९३३ मधले पाच दिवस, ९ ते १३ तारीख. ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग या पाच दिवसांत लिहून झाला. लोक याचे नवल करतात. पण पुस्तकाची घडण पाहा. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, आणि प्रकरणांना प्रकरणे न म्हणता ‘रात्री’ म्हटले आहे. अशा बेचाळीस रात्री. सहा वर्षे मुलांसमोर जो माणूस गोष्टी सांगत आणि लिहीत होता, त्याला पाच दिवसांत फक्त कागद भरायचे होते. १९३७ ची ‘धडपडणारी मुले’ ही कादंबरी तर थेट छात्रालयातूनच आली आहे. मुलांना घडवणारा तिच्यातला स्वामी कोण, हे अमळनेरमध्ये कुणाला विचारावे लागत नाही.

आमच्या घरी हे पुस्तक मी मोठ्याने वाचले आहे. आईच्या पायांशी जन्नत असते हे ज्या घरातल्या मुलाला बोलता यायच्या आधी ऐकायला मिळते, त्या घरात ‘श्यामची आई’ परकी वाटत नाही. आंघोळ झाल्यावर पायाचे तळवे मळतील म्हणून श्याम हट्ट करतो, आई आपले वस्त्र पसरते, त्यावर पाय ठेव म्हणते, आणि पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप असे बजावते. हा प्रसंग वाचला तेव्हा मुलीने लगेच वजूची आठवण काढली. मला समजावून सांगावेच लागले नाही.

दुसऱ्या एका जागी मात्र ती अडली. लाकडाची मोळी डोक्यावर घेता न येणाऱ्या म्हाताऱ्या महार बाईला मदत कर, असे आई श्यामला सांगते, आणि परत आल्यावर आंघोळ कर असेही सांगते. ‘‘अम्मी, मदत केली तर आंघोळ कशाला?’’ प्रश्न बरोबर आहे. त्या काळातल्या त्या घरातली आई इथपर्यंतच पोहोचू शकली, आणि लेखकाने ते लपवले नाही. मी मुलीला पुढची हकिगत सांगितली. १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून याच श्यामने उपोषण मांडले आणि मंदिराची दारे उघडली. आईने मोळी उचलायला लावली, मुलगा पुढे चालत राहिला.

सगळेच मला आवडते असे नाही. काही रात्रींमध्ये रडणे फार आहे. टीकाकारांनी साने गुरुजींच्या अश्रूंची पुष्कळ थट्टा केली, आणि आजचे मूलही मधेच विचारते, हा सारखा रडतो का? पण मुलग्याने रडायचे नाही असे शिकवणाऱ्या आपल्या समाजात, रडणारा आणि तरीही भित्रा नसलेला नायक मुलांना कुठे भेटतो? तुरुंगात गेलेला, उपोषणाला बसलेला हा माणूस मनाने मात्र फार हळवा होता. स्वातंत्र्यानंतर जे पाहावे लागले ते त्याला सोसवले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने जीवन संपवले. मुलीला हे मी त्या दिवशी गावात सांगितले नाही, घरी आल्यावर सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही.

आपल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ नावाचे पुस्तक लिहिले आहे. हजरत मुहम्मद (स.) यांचे जीवन त्यात आले आहे, तेही त्यांच्या त्याच साध्या, जिव्हाळ्याच्या मराठीत. आपल्या शेजाऱ्याचा धर्म शेजाऱ्याच्या मुलांना प्रेमाने सांगावा, हे त्यांना मनापासून वाटत होते. भारतातल्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही त्यांची आंतरभारतीची कल्पनाही याच मनातली. ते पुस्तक घरात असावे असे मला वाटते, मुलांपेक्षा मोठ्यांसाठी आधी.

पण उलट दिशेने काय आहे? माझ्या वर्गातल्या मुलांना मराठी चांगली येते. शहरातल्या शहरात, बाजारात, दवाखान्यात तीच चालते. पण ज्या मराठी कादंबरीत त्यांच्यासारखे घर आहे, सहरीला उठवणारी अम्मी आहे, इस्त्रीचे दुकान चालवणारे अब्बू आहेत, अशी मुलांची कादंबरी मी त्यांच्या हातात किती देऊ शकते? बोटांवर मोजण्याइतकी. दिसलाच आपला माणूस तर ईदची शिरखुर्मा घेऊन येणारा शेजारी म्हणून. श्यामला श्यामनेच लिहिले. आपल्या घरातल्या मुलांची गोष्ट बाहेरून कोणी येऊन लिहील, म्हणून वाट पाहत बसणे मला पटत नाही. १९२४ साली अमळनेरच्या छात्रालयात जे साहित्य होते ते आजही प्रत्येक शाळेत आहे: कोरे कागद, शाई आणि वाचायला समोर बसलेली मुले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले आणि संमेलन नगरीला साने गुरुजींचे नाव दिले गेले. त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही याच गावात झाले. आम्ही गेलो तेव्हा गाव पुन्हा नेहमीसारखे झाले होते. शाळेच्या आवारात मुले क्रिकेट खेळत होती. तत्त्वज्ञान मंदिराचा परिसर शांत होता, झाडांची सावली चांगली. ज्यांना मुलांना घेऊन जायचे आहे त्यांनी हिवाळ्यात जावे, उन्हाळ्यात खानदेशचे ऊन सोसत नाही. कोकणाकडच्या कुटुंबांनी पालगडचे जन्मघर पाहावे, आणि माणगावजवळ वडघरला साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे तेही.

आमच्या वर्गात पुढच्या सोमवारपासून एक हस्तलिखित सुरू झाले आहे. आठवड्याला एक पान, मराठीत, दाराशेजारी भिंतीवर. चुका मी लाल शाईने सुधारत नाही, मुलेच एकमेकांच्या सुधारतात आणि त्यावरून भांडतात. सातवीतल्या एका मुलाने आपल्या नानीच्या पानदानाची गोष्ट लिहायला घेतली आहे. चुन्याच्या डबीपर्यंत आला आणि पान संपले. ‘‘बाई, नानीचे निकाहाचे दिवस अजून यायचे आहेत,’’ म्हणाला, ‘‘पुढच्या पानावर मला दोन रकाने लागतील.’’