आधी नाव, मग गाणं

डॉक्युमेंटरी म्हटलं, की आमच्या अंबडच्या जुन्या मंडळींना एकच आठवतं: मुख्य सिनेमा लागण्यापूर्वी शेंगदाणे घ्यायला मिळणारा वेळ. १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढली. तिचे माहितीपट दाखवायची टॉकीजवाल्यांवर सक्ती असे. पडद्यावर धरणाचे दरवाजे उघडले, की इकडे थिएटरचेही उघडत आणि लोंढा मुतारीकडे वाहू लागे.

असल्या धंद्यात बक्षिसं मिळवणारा माणूस म्हणजे दाढी, शबनम पिशवी आणि चहावाल्याकडे उधारी, असा माझा आपला समज. विजया मुळे यांच्याकडे यातलं काही नव्हतं. होती ती सरकारी नोकरी! म्हणजे मस्टरवर सही करणाऱ्या, आमच्याच कारकुनी गोत्रातल्या. १९२१ साली मुंबईत जन्म, लग्नानंतर पाटणा, शिष्यवृत्तीवर इंग्लंडातलं लीड्स आणि १९५४ पासून दिल्लीचं शिक्षण मंत्रालय. आम्ही ऑफिस सुटल्यावर पिशवी घेऊन मंडईत जातो. या बाईंनी फिल्म सोसायट्या चालवल्या. १९५९ साली फिल्म सोसायट्यांचं फेडरेशन झालं, तेव्हा अध्यक्ष सत्यजित राय आणि संयुक्त सचिवांत या. पुढे सेन्सॉरच्या कचेरीतही होत्या. दुसऱ्यांचे सिनेमे तपासता तपासता त्यांनी हुगळी नदीत उसळणाऱ्या भरतीच्या लाटेवर स्वतःचा माहितीपट काढला. आमच्याकडे दुसऱ्याचं लेजर तपासून फक्त पाठ दुखते.

१९७५-७६ मध्ये उपग्रहावरून २,४०० खेड्यांत टीव्हीचे कार्यक्रम दाखवले गेले. मुलांसाठीच्या शैक्षणिक कार्यक्रमांच्या कामात मुळेबाई होत्या. सहा राज्यं निवडली होती. त्यांत महाराष्ट्र नव्हता. थोडक्यात, अनुदान आलं, पण आपल्या खात्यावर जमा झालं नाही.

मात्र १९७४ चा त्यांचा ‘एक अनेक और एकता’ दूरदर्शनवरून आमच्यापर्यंत पोचला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परवा शाखेत सहज विषय काढला. हेडकॅशिअरांनी नोटा मोजायच्या थांबवून पारधी, जाळं, पाखरं, उंदीर अशी सगळी गोष्ट सांगितली. वर गाणंही म्हटलं. काउंटरवरचं गिऱ्हाईकसुद्धा पासबुकावर ठेका धरून सामील झालं.

“आणि काढला कुणी?” मी विचारलं.

सगळे गप्प. मग आमचे शिपाई, भाऊसाहेब, म्हणाले, “वरनंच आला असंल की.”

२००२ साली बाईंना व्ही. शांताराम जीवनगौरव मिळाला. २०१९ साली, वयाची ९८ वर्षं पुरी करून, त्या गेल्या. तरी ‘लगान’मधल्या आईची, सुहासिनी मुळेंची, आई म्हटल्यावरच लोकांच्या डोक्यात उजेड पडतो.

बँकेत नावाशिवाय एक रुपयासुद्धा जमा होत नाही. इथे दोन पिढ्यांचं बालपण जमा झालंय आणि खातेदाराच्या नावाची जागा कोरी! म्हणून हल्ली आमचा धाकटा मोबाईलवर ती पाखरं लावतो, तेव्हा मी सक्ती केली आहे: आधी विजया मुळे हे नाव, मग गाणं. तेवढ्या वेळात त्याला शेंगदाणे घ्यायला परवानगी आहे.