उद्या या!

आळंदीत राहून फाशांच्या खेळाला नवा म्हणणे धाडसाचेच. मोक्षपट, म्हणजे सापशिडीची आजी, ज्ञानेश्वरांनी रचला असे आमच्याकडे परंपरेने सांगतात. त्यात शिडीवर सद्गुण, सापाच्या तोंडी दुर्गुण. घसरलात तर दोष तुमचा! (बँकेचेही हेच धोरण.)

गेल्या मे महिन्यात कॉलेजातल्या आमच्या कन्येने आणलेल्या खेळात मात्र पटच नव्हता. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे, त्याच्यासारखे बोलायचे, अडले की फासा टाकायचा. अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने असला खेळ विकायला आला. त्यात लोक राक्षस मारतात.

“राक्षस नकोत बाबा, आपण चाकण खेळू,” कन्या म्हणाली.

मी कारखानदार व्हायला एका पायावर तयार. बी.कॉम. झाल्यापासूनची इच्छा! पण चिठ्ठी निघाली ती अशी : ठेकेदाराकडचा कामगार, गाव लातूरकडे, भाड्याची खोली, रात्रपाळी, बँकेत खाते उघडायचे आहे. सौ. घरमालकीण. आणि आठवीतले चिरंजीव बँकेतले क्लार्क.

“पत्त्याचा पुरावा?” चिरंजीवांनी मान वर न करता विचारले.

“भाडेकरार मिळत नाही हो, साहेब.”

“मग उद्या या.”

घरमालकिणीकडे गेलो. फाशावर दोन पडले. “करार केला की तुम्ही लोक खोली सोडत नाही,” सौ. फणकारली. हे वाक्य तिला इतके सहज कसे सुचले? (आमची मागची खोली भाड्याने दिलेली आहे, ती गोष्ट वेगळी.)

पुढच्या फेरीला सहा पडले! धावत खिडकीशी आलो, तर जेवणाची सुट्टी.

“अहो, झोप सोडून आलोय मी!” मी खरोखरच ओरडलो.

“ओरडू नका. सर्व्हर डाऊन आहे.”

माझ्या अंगी एकही दुर्गुण नसताना मी तीनदा घसरलो होतो. आणि चष्म्यावरून बघायची ती तऱ्हा कुठेतरी पाहिलेली वाटत होती.

“कुठे शिकलास रे हे?”

“दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या बँकेत दोन तास बसलो होतो ना!”

“बाबा, भाडेकरार लागतोच का?” कन्येने विचारले.

आता आली पंचाईत. आधार असेल, तर सध्याचा पत्ता स्वतःच लिहून देण्याची सोय आहे. ते परिपत्रक मीच फाइलला लावले होते. फार व्यवस्थित लावले होते.

सोमवारी खिडकीशी एक जण उभा राहिला. डोळे तारवटलेले, हातात कागदांची पिशवी. घड्याळात दोनला पाच कमी.

“बसा,” मी म्हणालो, “बघू काय करता येतं.”

तो बसला नाही. दचकून म्हणाला, “काय चुकलं का, साहेब?”