पान बदलते तेव्हा

पत्त्यांचा खेळ म्हटला की आपल्याकडील वडीलधाऱ्या माणसांच्या कपाळावर आठी पडते; आणि ती अगदीच अकारण पडते असे म्हणता यावयाचे नाही. पत्त्यांच्या पायी शेते गेलेली, घरे मोडलेली आपण पाहिली आहेत. त्यात आता हे पत्ते मोबाईलच्या काचेवर आले आहेत. मुलाच्या हातात कागदाचे पान नाही, समोर भिडू नाही, आणि तरीही तो तासभर मान खाली घालून बसलेला असतो. अशा एका खेळाविषयी चार गोष्टी वाचकांपुढे मांडाव्यात असे मनात आहे. खेळाची भलामण करण्याचा हेतू नाही. परंतु त्या खेळात न्यायाचा एक असा प्रश्न मला भेटला की, तो गावच्या वेशीपासून घराच्या उंबऱ्यापर्यंत सर्वत्र लागू पडतो.

खेळाचे नाव हार्थस्टोन. अमेरिकेतील ब्लिझर्ड या कंपनीने तो २०१४ च्या मार्च महिन्यात सर्वांसाठी खुला केला, आणि २०१५ च्या एप्रिलपासून तो मोबाईलवर खेळता येऊ लागला. त्या वर्षी माझ्या थोरल्या मुलीचा मुलगा दहावीच्या वर्गात होता व शाळेसाठी आमच्याकडे राहत असे. त्याचे वडील आखातात नोकरीला. त्यांनी पाठविलेल्या मोबाईलवर हा खेळ आमच्या घरात शिरला. मुलीने तीन अटी घातल्या: अभ्यास आधी, खेळ एक तास, आणि खेळावर एक पैसाही खर्च करावयाचा नाही. या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. शिक्षकाची सवय अशी की, ज्यावर लक्ष ठेवावयाचे ते आधी समजून घ्यावे. म्हणून मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागलो.

आपल्या नेहमीच्या पत्त्यांत बावन्न पाने सर्वांना सारखीच. येथे तसे नाही. येथे शेकडो निरनिराळी पाने असतात, आणि त्यांतून तीस पाने निवडून प्रत्येक खेळाडूने आपला संच स्वतः बांधावयाचा. यालाच ते डेक म्हणतात. एकच पान दोनदा घेता येते, अतिदुर्मिळ असे पान मात्र एकदाच. दोन्ही बाजूंच्या नायकांच्या अंगी तीस-तीस प्राण. पहिल्या पाळीला एक स्फटिक मिळतो, दुसऱ्या पाळीला दोन, असे वाढत वाढत दहापर्यंत. आणि प्रत्येक पानाचे मोल या स्फटिकांत ठरलेले. पानांतून शिपाई उभे राहतात, मंत्र सुटतात, शस्त्रे हाती येतात. ज्याच्या नायकाचे प्राण आधी सरले तो हरला.

मुलाने बांधलेला पहिला संच पाहण्यासारखा होता. सगळी मोठमोठी पाने, सात-आठ स्फटिकांची. ती हातात येत, पण खेळता येत नसत. आणि पाचव्या-सहाव्या पाळीला प्रतिपक्षाचे लहान लहान शिपाई त्याला संपवून टाकीत. तांदूळ निवडीत बसलेली त्याची आजी हे सारे ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "अरे, ताटात नुसती पक्वान्नेच वाढलीस, मग भात कुठे आहे?" त्या दिवसापासून तो एक-दोन स्फटिकांची साधी पाने मानाने घेऊ लागला. संच बांधण्याची खरी विद्या काय घ्यावे यापेक्षा काय सोडावे यात आहे. एकतिसावे पान कितीही आवडते असो, त्याला जागा नाही. इतक्या लहान वयात हा हिशेब कळणे काही वाईट नव्हे.

या पानांची प्राप्तीही समजून घेतली पाहिजे. पाच पानांची एक पुडी असते. तिच्यात काय निघेल ते फोडल्यावाचून कळत नाही. ही पुडी पैशाने विकत मिळते, किंवा खेळून मिळविलेल्या शंभर सुवर्णनाण्यांना मिळते. नको असलेले पान मोडले तर त्याची धूळ मिळते व तिच्यातून हवे ते पान घडविता येते. परंतु हा सौदा सोनाराकडच्या मोडीपेक्षाही महाग आहे. साधे पान घडविण्यास चाळीस भाग धूळ लागते, पण मोडले तर पाचच भाग मिळते. अतिदुर्मिळ पानाला सोळाशे लागतात, मोडल्यास चारशे येतात. पैशाने पुड्या फोडीत बसणे आणि सोडतीची तिकिटे घेणे यांत मला फारसे अंतर दिसत नाही, आणि मुलीची तिसरी अट मला म्हणूनच योग्य वाटली.

एकदा त्या मुलाला पुडीत एक अतिदुर्मिळ पान लाभले, पण त्याच्या संचात ते बसत नव्हते. ठेवावे की मोडावे यावर तो दोन दिवस विचार करीत होता. शेवटी त्याने ते मोडले आणि आलेल्या चारशे भाग धुळीतून दहा साधी पाने घडविली. मिरवावयाचे एक पान गेले, कामाची दहा आली. मी काही बोललो नाही, पण मनातून मला बरे वाटले.

त्या वर्षी एका संचाचा मोठा दरारा होता. त्यात दोन पानांचा मेळ होता. 'ग्रिम पेट्रन' नावाचा पाच स्फटिकांचा शिपाई असा की, घाव बसूनही तो जिवंत राहिला तर त्याच्याशेजारी त्याच्यासारखाच दुसरा उभा राहावा. 'वॉरसाँग कमांडर' हा तीन स्फटिकांचा सरदार. नव्याने उभा राहिलेला शिपाई एरव्ही पुढच्या पाळीपर्यंत थांबतो. परंतु हा सरदार असताना, ज्याचा मार तीन किंवा त्याहून कमी आहे असा शिपाई उभा राहताक्षणी चढाई करू शके. पेट्रनचा मार नेमका तीन. मग 'व्हर्लविंड' हा एका स्फटिकाचा मंत्र टाकून सर्व शिपायांना एक-एक घाव घालावयाचा, की एकाचे दोन, दोहोंचे चार व्हावेत, आणि सारे त्याच पाळीत तुटून पडावेत. समोरच्याने आयुष्यभर सावध खेळून केलेली मांडामांड एका पाळीत धुळीस मिळे. हा संच चालविणे सोपे नव्हते. त्याला मोजदाद व धीर लागे. पण जाणत्याच्या हाती तो पडला की समोरच्याला उत्तर देण्यास जागाच उरत नसे. आमचा मुलगा या संचापुढे कित्येक संध्याकाळी हरला.

एक पान जरुरीपेक्षा बलवान झाले, तर बिघडते काय? बिघडते ते असे की, सर्वजण तोच संच बांधू लागतात, अथवा त्याच्याविरुद्धचाच संच बांधू लागतात. शेकडो पाने असून नसल्यासारखी होतात. ज्या खेळाचे सारे वैभव निवडीत, त्यात निवडच उरत नाही. कागदी पत्त्यांच्या खेळांनाही ही अडचण चुकली नाही. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ १९९३ मध्ये निघाला. अशा खेळांचा तो मूळपुरुष. त्यात २००४ साली 'स्कलक्लॅम्प' नावाचे एक पान निघाले व इतके प्रबळ ठरले की, त्याच वर्षी मुख्य स्पर्धांतून त्याला बंदी करावी लागली. छापलेले पान लोकांच्या पेटीत पडलेले. त्यावरील शाई कोण बदलणार? म्हणून बंदी हाच उपाय. मोबाईलवरील पानाचे मात्र तसे नाही. कंपनीने आपल्या यंत्रात एक ओळ बदलली की, जगातील प्रत्येकाचे ते पान एकाच वेळी बदलते. आपण ज्याला आपले पान म्हणतो ते खरोखरी आपल्या हाती नसतेच.

२०१५ च्या ऑक्टोबरात तसेच झाले. वॉरसाँग कमांडर या पानावरील अक्षरे बदलली. आता तो कोणालाही चढाईची शक्ती देईना. ज्यांच्या अंगी ती शक्ती मुळातच आहे, त्यांचा मार तेवढा एकाने वाढवी. सरदाराचा शिलेदार झाला म्हणा ना! त्या संचाचा कणाच मोडला. आमच्या मुलाला कोण आनंद! त्या रात्री त्याने जेवताना ही बातमी घरातल्या प्रत्येकाला सांगितली, आणि ज्यांना खेळातले काही कळत नव्हते त्यांनीही माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्यापूर्वी तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आजोबा, ज्याने तो संच जमविण्यात तीन महिने घातले असतील, त्याने काय चोरी केली होती?"

हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाचा होता, पण तो खेळापुरता नव्हता. त्या खेळाडूने चोरी केली नव्हती. त्याला जे नियम दिले गेले, त्यांच्या आत राहूनच त्याने आपली बुद्धी चालविली होती. तरीही त्याची हानी झाली, आणि ती सर्वांच्या हितासाठी झाली. कंपनीची रीत अशी की, एखादे पान दुबळे केले तर साधारण दोन आठवड्यांपर्यंत ते मोडणाऱ्यास घडणावळीइतकी पुरी धूळ परत मिळते. २०१४ च्या सप्टेंबरात 'लिरॉय जेन्किन्स' या अतिदुर्मिळ पानाचे मोल चारावरून पाच स्फटिक केले, तेव्हा ते मोडणाऱ्याला चारशेऐवजी सोळाशे मिळण्याची सोय झाली. रीत चांगली आहे. पण वॉरसाँग कमांडर हे पान सर्वांना फुकट मिळणाऱ्या मूळ पानांपैकी होते. जे मोडताच येत नाही त्याची भरपाई ती कसली? आणि त्याच्या जोडीस म्हणून ज्यांनी 'फ्रॉथिंग बर्सर्कर'सारखी पाने शंभर-शंभर भाग धूळ वेचून घडविली होती, त्या पानांवर तर एक अक्षरही बदलले नव्हते. त्यांचे मोल कागदोपत्री जसेच्या तसे राहिले, उपयोग मात्र घटला.

मी त्याला रस्त्याचे उदाहरण दिले. गावातील रस्ता रुंद व्हावयाचा असतो. तो व्हावा असे सर्वांनाच वाटते. कोणाच्या अंगणाचे तीन हात जातात, आणि मोजून त्याचे पैसे मिळतात. पण त्या अंगणात चिंच होती, चिंचेखाली बाकडे होते, बाकड्यावर बसणाऱ्यांमुळे शेजारचे चहाचे दुकान चालत होते. मोजणीच्या फितीला तीन हात कळतात. चिंचेची सावली तिला कळत नाही. म्हणून रस्ता होऊ नये काय? व्हावा. परंतु ज्याच्या गाडीला तो रस्ता सोयीचा झाला, त्याने दुकानदाराच्या दारावरून जाताना निदान टाळ्या वाजवू नयेत. मुलाने हे ऐकून घेतले. पुढे त्याच्याही ध्यानात आले की, त्या दरारेबाज संचाला तोंड देण्यासाठी त्याने दोन पाने मुद्दाम बाळगली होती, योद्ध्याचे शस्त्र मोडणारी. आता त्यांचीही निकड पूर्वीइतकी उरली नाही. एक पान बदलले की जिंकणाऱ्यालाही आपला संच पुन्हा मांडावा लागतो. तो मुकाट्याने मांडू लागला.

पुढील वर्षांत असे बदल होतच राहिले. २०१६ च्या एप्रिलपासून पाने खेळण्याचे दोन प्रकार झाले: एकात केवळ नव्या काळची पाने चालावयाची, दुसऱ्यात सर्व. २०२० च्या एप्रिलात 'डीमन हंटर' हा दहावा नायकवर्ग आला. तो इतका वरचढ ठरला की, दुसऱ्याच दिवशी त्याची काही पाने दुबळी करण्यात आली. पूर्वी महिनोन् महिने वाट पाहत, आता एका दिवसात हात घातला. यात चांगले आहे आणि धोकाही आहे. लवकर सुधारल्याने अन्याय लांबत नाही. परंतु पान केव्हाही बदलेल असे झाले, तर मन लावून संच बांधण्याची उमेद कोणी धरावी?

या विचारातून मला तीन कसोट्या सुचल्या. बदल करावयाचा तो उघडपणे, कारण सांगून करावा. तो सर्वांना एकसारखा लागू असावा. आणि ज्याचे दोष नसताना नुकसान झाले, त्याची आठवण ठेवावी. पहिल्या दोन या खेळात बहुधा पाळल्या जातात. तिसरी अर्धीच पाळली जाते, कारण भरपाई पानाची होते, श्रमाची होत नाही. आपल्या घरांतही वडील माणसे नियम बदलतात: धाकट्याच्या सोयीसाठी थोरल्याची खोली जाते, एकाच्या परीक्षेसाठी दुसऱ्याचा रेडिओ बंद होतो. बदल योग्यच असतो. पण थोरल्याला जवळ बोलावून दोन शब्द सांगावेत हे कित्येकदा राहून जाते.

ज्या घरी मुले असे खेळ खेळतात, तेथील वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. वेळ मोजून द्या, पैसा देऊ नका, आणि एकदा तरी शेजारी बसून संच कसा बांधला ते विचारा. काचेवरची पाने आज आहेत, उद्या कंपनीच्या मर्जीने बदलतील. पण मोजून निवडणे, आवडते ते सोडणे, हातचे गेले तरी पुन्हा पहिल्यापासून मांडणे, आणि आपल्या विजयाच्या दिवशी हरलेल्याचा विचार मनात येणे, या गोष्टी मुलाच्या अंगी एकदा मुरल्या की त्या कोणाला बाहेरून बदलता येत नाहीत.