काळाची जागा

जानकीपुरममध्ये अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहावयास आलो, तेव्हा हिंदीतल्या 'कल' या शब्दाने मला काही दिवस चकविले. काल आणि उद्या या दोहोंना एकच शब्द कसा पुरतो, असे मनात येई. मग ध्यानात आले की, आपला 'परवा' तरी काय वेगळा आहे? परवा गेलो आणि परवा जाईन, यांतला निवाडा क्रियापदच करते. जागचा न हललेला माणूसही आपल्याकडे 'आलोच!' म्हणतो आणि जावयास निघालेला पाहुणा 'येतो' म्हणून निरोप घेतो.

इंग्रजीचा कारभार निराळा. आपण 'मी काल लखनौला गेलो' म्हणतो. इंग्रजी वाक्य कर्ता, क्रिया आणि स्थळ यांची सोय लावून 'येस्टरडे'ला बहुधा शेवटी बसविते. हा क्रम पाठ करता येतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्यांनी तो पाठ केलाही. खरी अडचण येते ती कालवाचक शब्द आणि क्रियापद यांच्या सोयरिकीत.

एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले होते, 'माय फादर हॅज डाइड इन २०२१.' मी तांबड्या शाईने 'हॅज' खोडले आणि भूतकाळातील निश्चित वेळ सांगितली की तेथे 'हॅज' चालत नाही, हा नियम समजावून दिला. त्याने तो मुकाट्याने ऐकला. मग म्हणाला, "सर, हमारे यहाँ तो कहते हैं, गुज़र गए हैं। 'डाइड' में तो बात ही ख़त्म हो जाती है।"

मला उत्तर सुचले नाही. मराठीतही आपण 'वडील २०२१ साली वारले आहेत' असे सहज म्हणतो. आपल्या व्याकरणात या रूपास पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात, आणि इंग्रजीतील 'हॅज डाइड'लाही आपण तेच नाव देतो. परंतु मराठी 'आहे' सालाला आपल्या शेजारी बसू देते. इंग्रजी 'हॅज' देत नाही. घटनेची तारीख सांगा, नाहीतर तिचे आजवर पोहोचलेले सावट सांगा. एकाच क्रियापदाकडे दोन्ही मागू नका, असा त्या भाषेचा दंडक आहे.

त्या रात्री, आईच्या निधनानंतर रजेसाठी मी लिहिलेल्या इंग्रजी अर्जाची प्रत शोधून काढली. तीत हीच चूक होती : 'हॅज पास्ड अवे ऑन मंडे.' तौलनिक साहित्यातील डॉक्टरेट तेव्हाही माझ्या नावामागे होती.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती मागे घेतली नाही. तिच्यात भर घातली. म्हटले, दोन वाक्ये कर. पहिल्यात साल आणि 'डाइड'. दुसऱ्यात 'सिन्स देन' आणि 'हॅज'. तेव्हापासून घरी जे चालत आले आहे, ते तेथे लिही. थोडा विचार करून त्याने लिहिले, 'सिन्स देन माय मदर हॅज रन द हाउस.' लिहून झाल्यावर ते वाक्य त्याने एकदा मोठ्याने वाचले.