आईचे आडनाव

दिवाळीत घर आवरताना आईच्या पत्र्याच्या पेटीत मला एक पिवळा पडलेला कागद सापडला. तो शाळा सोडल्याचा दाखला होता. वरचे नाव ओळखीचे वाटेना. मी विचारले, "आई, ही कोण गं?" आई हसून म्हणाली, "अगं, मीच की ती!"

लग्नात आईचे नाव बदलले आणि आडनावही. आईला भाऊ नाही. आजोबा वारल्यापासून ते आडनाव लावणारे त्या घरात कोणी उरले नाही. मला फार वाईट वाटले.

शाळेत मी हे गुरुजींना सांगितले. तेव्हा त्यांनी एक हकिकत सांगितली, ती अशी.

इंग्लंडात विन्स्टन नावाची खेडी आहेत. आपल्याकडे नाशिकचे ते नाशिककर, तसे तिकडे गावावरून विन्स्टन हे आडनाव पडले. ते फार थोड्या लोकांचे. अशा एका घरातील सारा विन्स्टन लग्न होऊन चर्चिलांच्या घरी गेली. तिचेही आडनाव गेले. पण १६२० साली तिला मुलगा झाला आणि त्याचे नावच विन्स्टन ठेवले! आईचे आडनाव मुलाचे नाव झाले.

त्याच घराण्यात १८७४ साली दुसरे विन्स्टन चर्चिल जन्मले. ते १९४० साली इंग्लंडचे पंतप्रधान झाले. आपल्या स्वातंत्र्याला त्यांचा विरोध होता, हे विसरून चालणार नाही. पण महायुद्धामुळे त्यांचे नाव जगभर गेले आणि दूरदूरच्या लोकांनी आपल्या मुलांची नावे विन्स्टन ठेवली. वेस्ट इंडीजचा गोलंदाज विन्स्टन डेव्हिस याने १९८३ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाचे सात गडी ५१ धावांत बाद केले. कुठे ती सारा आणि कुठे हा गोलंदाज! पण तिच्या माहेरचे नाव अजून हाकेत आहे.

आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचे नाव लावतात. ही चांगली गोष्ट आहे. पण माझा जन्म त्याआधीचा. आणि माहेरचे आडनाव त्यातही नाहीच.

घरी येऊन मी आईला सगळे सांगितले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आपल्यात नाही बाई असं करत." पण थोड्या वेळाने तिने आपले जुने नाव आडनावासकट दोनदा हळूच म्हणून पाहिले. मी ऐकले. आता ते माझ्या वहीच्या पहिल्या पानावर, माझ्या नावाखाली लिहिले आहे.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या आईचे माहेरचे नाव-आडनाव तुम्हांला ठाऊक आहे का? आज घरी गेल्यावर जरूर विचारा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी